आभासी चाल, खरी ओळख

आभासी विश्वातील आपल्या पात्रांना आता पाय फुटणार, अशी घोषणा 'मेटा'चे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये केली. तोवर ही पात्रे कमरेपासून वरचीच, अधांतरी तरंगणारी होती. डोक्यावर चढविलेल्या संचाला डोके व दोन्ही हात यांचीच हालचाल अचूक टिपता येई. पायांचा केवळ अंदाज बांधावा लागे. घोषणेवेळची दृश्ये 'मोशन कॅप्चर' तंत्राने घडविली होती, हे कंपनीने नंतर मान्य केले. प्रत्यक्षात पाय अवतरले ते २०२३ मध्ये.

या कौतुकात खरा प्रश्न मात्र मागे पडला. त्याच वर्षी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 'बीट सेबर' खेळणाऱ्या ५५ हजारांहून अधिक जणांच्या हालचाली तपासल्या. डोके व हातांच्या अवघ्या १०० सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने खेळाडू ओळखता आला. नाव बदला, चेहरा बदला. हालचाल चुगली करतेच. शिवाय ती पूर्णपणे लपविणे सोपे नाही, कारण ती इतरांपर्यंत पोहोचल्याखेरीज सामायिक विश्वात वावरताच येत नाही. म्हणूनच या नोंदींना बोटांच्या ठशांइतकेच कायदेशीर संरक्षण हवे.