घमेल्याविरुद्ध

सोलापूरच्या माणसाला ऊन कळतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून पुढे गेला तरी तो भर दुपारी सात रस्त्यावर उभा राहून उकळता चहा पितो आणि वर ‘काल जास्त होतं’ म्हणतो. थंडीच्या विषयात मात्र आमचं शिक्षण बालवाडीपलीकडे गेलेलं नाही. पारा बारा-तेरावर आला की सगळं गाव कानटोपीत शिरतं. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की, बालवाडीतलीच मंडळी सध्या थंडीवर व्याख्यानं देत सुटली आहेत.

डिसेंबर सरत आला, ज्वारी हुरड्यात आली की बेत शिजू लागतात. पूर्वी माणसं हुरडा खाऊन, पोटावरून हात फिरवीत संध्याकाळी घरी येत. आता शेतातच तंबू ठोकून रात्र काढायची टूम निघाली आहे. काढा बापडे! चांदणं चांगलं असतं, हवा चांगली असते, शेंगदाण्याची चटणी तर फारच चांगली असते. माझं भांडण आहे ते फक्त घमेल्याशी.

म्हणजे असं की, रात्री अकराच्या सुमारास गप्पा संपतात. आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर गेलेला असतो, निखारे नुसते लालबुंद असतात. वारा सुटतो. अशा वेळी मंडळींतला एक कर्तबगार पुरुष उठतो, निखारे घमेल्यात भरतो, घमेलं तंबूत आणून ठेवतो आणि तंबूची चेन लावून टाकतो. सगळे त्याला दुवा देतात. मला विचाराल तर त्या माणसाला तंबूबाहेर काढून चेन लावली पाहिजे. घमेल्यासकट.

कारण निखारा धूर सोडत नाही म्हणजे काहीच सोडत नाही असं नव्हे. तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीनं या वायूला धरतं. म्हणजे खिडकीवर रांग ऑक्सिजनची आणि टोकन मिळतं याला! जाग्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. तो म्हणतो, ‘हुरडा बाधला वाटतं,’ आणि पुन्हा आडवा होतो. झोपलेला माणूस तेवढंही म्हणत नाही.

हे मी पोथीतलं सांगत नाही. २०२० च्या जानेवारीत केरळातली दोन कुटुंबं नेपाळात दामन इथं एका खोलीत उतरली होती. थंडी होती म्हणून गॅसचा हीटर लावला आणि दारं-खिडक्या बंद करून सगळे झोपले. आठही माणसं गेली. त्यांत चार लहान मुलं होती. ती तर पक्की खोली होती. तंबू तिच्याहून कितीतरी लहान, शिवाय त्याचं कापड असं की, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं.

हे सगळं मी सात रस्त्यावर चहा पिताना सांगून पाहिलं. पण तिथं रस्ते सात आणि सल्लागार सत्तर. एक मित्र म्हणाला, “चेन जराशी उघडी ठेवायची की बे, काय होतंय!” अहो, जराशी म्हणजे किती? दोन बोटं? आणि रात्री दोन वाजता गार झुळूक आली की ती दोन बोटं बंद कोण करणार? हेच गृहस्थ!

दुसऱ्यानं आजी काढली. “आमच्या आजीनं अख्ख्या गावातल्या बाळंतिणींना शेगडी दिली, एकीला काही झालं नाही.” आजीबद्दल मला आदर आहे. पण आजीच्या माळवदाला सवणं होतं, दाराच्या फळ्यांतून मांजर जाईल एवढ्या फटी होत्या आणि शेगडीशी ती स्वतः जागत बसायची. तुमच्या तंबूत सवणंही नाही आणि आजीही नाही.

तिसऱ्यानं हळूच बाटलीची खूण केली. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली ऊब बाहेर येते आणि हवेत उडून जाते. गरम वाटतं ते त्यामुळं. आमच्या भाषेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. खिसा भरल्यासारखा वाटतो, खातं मात्र उणे होत असतं.

मग उबेचं करायचं काय? मूळ गोष्ट ही की, पांघरूण ऊब देत नाही. ते लॉकरसारखं आहे. ठेवाल ते सांभाळील, व्याज एक पैसा देणार नाही. शेगडी आपण स्वतःच आहोत. तिला भाकरी-पिठल्याचं सरपण घालून झोपावं. आणि खरी चोरी होते ती खालून. अंगावर दोन सोलापुरी चादरी घेऊन गार जमिनीवर पडणं म्हणजे तिजोरीला पुढून कुलूप घालून मागची भिंत पाडून ठेवणं. खाली कडबा पसरा. शेतात त्याला तोटा नाही. त्यावर घोंगडं, मग सतरंजी, मग तुम्ही. चादर सुती असते, दवानं ओली झाली की तिची ऊब संपली. म्हणून ती कोरडी ठेवा. लोकर दमटपणातही ऊब धरते, हे सांगोल्याकडच्या मेंढपाळाला कळतं. तो माळावर घोंगड्यात झोपतो आणि जाळ उघड्यावर ठेवतो.

दिवसभरचे घामट कपडे बदलावे, कोरडे मोजे घालावे, डोकं झाकावं. गरम पाण्याची रबरी पिशवी बूच घट्ट लावून पायाशी घ्यावी. तंबूची वरची झडप उघडीच असू द्यावी; नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ छताला लागून पहाटे अंगावर ठिबकते. तंबू ओढ्याकाठच्या खोलगटात ठोकू नये, गार हवा जड असल्यामुळं रात्री तिथंच उतरून बसते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते यामुळंच. थोडा उंचवटा पाहावा. आणि रात्री बाहेर जावंसं वाटलं तर सरळ उठून जावं. तासभर कुढत पडण्यात ऊब नाही.

एवढं करूनही कुणाचं डोकं जड झालं आणि तंबूत विस्तव आहे असं दिसलं, तर चर्चा करू नये. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावं आणि तडक दवाखाना गाठावा. घमेलं कुणी आणलं याचा तपास सावकाश करता येतो.

या हिवाळ्यात हुरड्याला जाणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. आगटीवर पाणी ओता, राख हातानं चाळवून गार झाल्याची खात्री करा आणि घमेलं पालथं घाला. कुणी रागावलं तर रागावू द्या. सकाळी चहाला सगळे उठून बसले की राग आपोआप जातो.