ड्रोन उडवायचं नंतर, आधी चार्जिंग शिकवा



ड्रोनचं प्रात्यक्षिक कुठंही असो, पंखे फिरले, ड्रोन वर गेला की टाळ्या आणि कार्यक्रम संपला. चार्जिंगचं कोणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन घेतलेला शेतकरी उडवताना कमी आणि चार्जिंगला जास्त अडतो.

आता डीजेआय मिनी २ चं घ्या. नवी बॅटरी खोक्यातून झोपलेली येते. बटण दाबलं तरी एक लाईट लागत नाही, मग माणूस म्हणतो पीस खराब निघाला. एकदा चार्जरला लावली की जागी होते. चार्जर १८ वॅटचा लागतो. जुन्या मोबाईलच्या बारक्या चार्जरवर रात्र जाते. आणि ड्रोन चालू ठेवून वायर लावली तर चार्जिंग घेतच नाही, बंदच करावा लागतो.

रिमोटची बॅटरी वेगळी, हे पण सांगावं लागतं. ड्रोन फुल आणि रिमोट मेलेला, असं बांधावर गेल्यावर कळतं. रिमोट जोडलेल्या मोबाईललाही करंट देतो. नुसता रिमोट ६ तास चालतो, मोबाईल चार्ज करत असेल तर ४ तास. ॲपमध्ये ते बंद करता येतं.

उन्हाळ्यात अजून एक. बॅटरी ५ ते ४० अंशातच चार्ज करायची असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० कधीच ओलांडलेलं असतं! उडवून आणलेली गरम बॅटरी पण लगेच लावू नये, सावलीत थंड होऊ द्यावी. फुगलेली दिसली तर चार्जरजवळही नेऊ नका.

खरी गोची पावसाळ्यात. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी ओसरतं. कुठल्या गटात किती तुंबलं होतं ते वरून काढलेला फोटोच दाखवतो. पंचनाम्याची जागा तो घेत नाही, पण बोलायला आधार होतो. आणि नेमकी त्याच दिवशी लाईट नसते. म्हणून कायम फुल भरून ठेवावी म्हटलं तर तेही बॅटरीला चांगलं नाही. फुल ठेवली तर काही दिवसांनी ती स्वतःच उतरते, तेव्हा कोमट लागते, घाबरू नका. मी म्हणतो, एरवी निम्म्यावर ठेवा, जोराच्या पावसाचा अंदाज आला की त्या रात्री दोन्ही फुल करा. सोबत १८ वॅटची पॉवर बँक असू द्या. ड्रोन पडूनच असेल तर तीन महिन्यांतून एकदा तरी बॅटरी वापरून पुन्हा भरा.

एवढं सगळं मराठीत एका कागदावर मावतं. विकणाऱ्यांनी तो कागद खोक्यात टाकावा, आणि कृषी खात्याच्या प्रात्यक्षिकात पहिली पंधरा मिनिटं यालाच द्यावीत. पुस्तिका इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आमच्या वयाच्या माणसाने वाचायचं कसं?

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवरून कोणी चार्ज करत असेल तर कुठला चार्जर लावता ते खाली लिहा.