दोन ‘वऱ्हाड’

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात मोडतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण एकाच कपाटात दोन ‘वऱ्हाड’ नांदू शकतात, हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळले!

आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी सुटीत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून बोलीतले शब्द जमवून आणतात आणि ते एका सामाईक संगणकावर ठेवतात. त्या संगणकावर लिनक्स, ग्रंथालयात विंडोज, आणि एका तरुण सहकाऱ्यांपाशी जुना मॅक. एके दिवशी पाहतो तो ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी! काना-मात्रेचा फरक नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. द्विरुक्ती दिसली की हात शिवशिवतात. एक पुसून टाकली. सामाईक कपाटातून पुसलेली वस्तू आपल्या कचरापेटीत येत नाही, ती जातेच, हे ज्ञान मागाहून झाले.

दुसऱ्या दिवशी मेहकरकडची एक विद्यार्थिनी दारात उभी. “सर, माझ्या आजीचे शब्द कुठं गेले?” आजी पौषातच वारली होती.

वाचकहो, सारा घोटाळा एका ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये हे अक्षर सबंधही लिहिता येते, आणि ‘र’ला नुक्ता देऊन फोडूनही. विंडोजवर आम्ही टंकतो ते सबंध. पण मॅकची १९९८ साली आलेली फायली ठेवण्याची पद्धत नावातला ‘ऱ’ फोडून ठेवते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्स मात्र अक्षरे वाचीत नाही, बाइट ताडून पाहतो. पहिले ‘वऱ्हाड’ १८ बाइटांचे, दुसरे २१ चे! शिवाय ‘र’चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घातलेले तिसरेही असते, तेही २१ चेच, पण निराळे. पुण्यामुंबईच्या नावांना हा जाच नाही. सोसायचे ते वऱ्हाडानेच!

नाव फसवे असले तरी यंत्र प्रत्येक फायलीला आतून एक क्रमांक देते. लिनक्सवर ‘एलएस’ या आज्ञेला ‘आय’ जोडले की तो दिसतो. क्रमांक दोन, तर फायली दोन. पुसण्याआधी एवढे पाहायला मला कितीसा वेळ लागला असता?

पुढे ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाच्या साधनाने फोडलेली नावे सबंध करून घेतली. मॅकवरून एनएफएस पद्धतीने कपाट जोडताना ‘एनएफसी’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे नावे सबंधच जातात, हेही सहकाऱ्यांनी शोधले. जोडचिन्हाची तेवढी हाताने बदलावी लागली.

त्या मुलीच्या वहीतून निम्मेअधिक शब्द परत मिळाले. उरलेल्यांसाठी ती हल्ली रविवारी लोणारला, आजीच्या धाकट्या बहिणीकडे जाते. मला तिने एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचेच जास्त वाटते. नवी फाईल मात्र तिने स्वतः केली आहे. नाव ठेवले आहे ‘आजी’.