न कमावलेला बेस

२० ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपान आणि अमेरिका यांचे बेसबॉल संघ दहा डाव खेळले आणि दोघांनाही एक धाव करता आली नाही. अकराव्या एका डावात मात्र सहा धावा झाल्या, अमेरिकेच्या चार आणि जपानच्या दोन. पिचर अचानक ढेपाळले नव्हते की बॅटरना अचानक सूर गवसला नव्हता. बदलला होता तो नियम. सामना बरोबरीत राहिला तर अकराव्या डावापासून प्रत्येक संघाने आपले दोन रनर आधीच पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर उभे करायचे आणि मग खेळ सुरू करायचा, असं आंतरराष्ट्रीय बेसबॉल महासंघाने स्पर्धा तोंडावर आली असताना जाहीर केलं होतं. फलंदाजीच्या क्रमात कुठून सुरुवात करायची हेही त्या वेळी संघानेच ठरवायचं होतं.

या नियमावर तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण यात बेसबॉलचा गाभाच पणाला लागला आहे. या खेळात घड्याळ नसतं. प्रत्येकी नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद. नवव्यानंतरही बरोबरी असेल तर दहावा, अकरावा, बारावा, असं निकाल लागेपर्यंत खेळायचं. १ मे १९२० रोजी बोस्टनमध्ये ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यात २६ डाव झाले. अंधार पडला म्हणून १-१ वर सामना थांबला, आणि लिऑन कॅडोर व जो ओशगर हे दोन्ही पिचर पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानात होते. तसं आज कोणी करू नये. पण त्या २६ डावांत जो जो बेसवर पोहोचला तो काहीतरी करून पोहोचला होता, चेंडू टोलवून, पिचरला चार चेंडू बाहेर टाकायला लावून किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा फायदा उठवून.

महासंघाची अडचण मला समजते. २००५ मध्येच ऑलिंपिक समितीने बेसबॉलला २०१२ पासून वगळायचं ठरवलं होतं. परत यायचं तर सामना किती वेळ चालेल याचा अंदाज प्रक्षेपण करणाऱ्यांना द्यावा लागणार होता. शिवाय संघात मोजके पिचर आणि सामने जवळजवळ रोज. एक सामना पंधरा डाव लांबला की पुढचे दोन दिवस त्या संघाकडे टाकायला हात उरत नाही. सॉफ्टबॉलमध्ये बेसवर रनर ठेवून बरोबरी फोडण्याची रीत आधीपासून होती, आपल्याकडे सॉफ्टबॉल खेळलेल्यांना ती ठाऊक असेल. बेसबॉलने ती उचलली.

बीजिंगमध्ये तिचे परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसले. १५ ऑगस्टला क्युबाने अमेरिकेला अकरा डावांत ५-४ असं हरवलं. त्याच दिवशी चीनने तैवानला बारा डावांत ८-७ असं हरवलं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकलेला तैवान, जिथे बेसबॉल हा घराघरातला खेळ आहे, तो बेसबॉल नुकता शिकू लागलेल्या चीनकडून हरला. पुढे सगळे सामने जिंकून सुवर्ण मिळवलेल्या दक्षिण कोरियालाही चीनविरुद्ध अकराव्या डावापर्यंत जावं लागलं, तेव्हा १-० असा निकाल लागला. चीनच्या खेळाडूंनी आधीचे दहा डाव जीव तोडून खेळून काढले होते, त्यांचं श्रेय कोणी नाकारू नये. माझी तक्रार एवढीच की दुबळ्या आणि बलाढ्य संघातला जो फरक दहा डाव मैदानात मोजला जात होता, तो अकराव्यात नियमाने पुसून टाकला.

त्यानंतर नियम सतत हलत राहिला. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेने २००९ मध्ये तो तेराव्या डावापासून लावला. २०१७ मध्ये अकराव्यापासून. २०२३ मध्ये दहाव्यापासून, पण पहिला बेस रिकामा आणि रनर फक्त दुसऱ्या बेसवर. टोकियो ऑलिंपिकमध्ये दहाव्यापासून दोन रनर होते. नैसर्गिक खेळाला मिळणारी जादा जागा अशी आक्रसत गेली आणि आज ती आंतरराष्ट्रीय सामन्यांत जवळपास शून्यावर आली आहे.

या नियमाने मिळणारा विजय कसा असतो, ते लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर पाहावं. मार्च २०१७, क्लासिकची उपांत्य फेरी, पोर्तो रिको विरुद्ध नेदरलँड्स. दहा डावांनंतर ३-३. अकराव्यात नेदरलँड्सने आधी बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडला आणि स्वतः बाद होऊन रनर पुढे सरकवले. मग पोर्तो रिकोने पुढच्या बॅटरला मुद्दाम पहिला बेस देऊन टाकला आणि त्यानंतरच्या एकाच चेंडूवर दोघांना बाद करून डाव संपवला. पोर्तो रिकोची पाळी आली तेव्हा तोच क्रम झाला. बंट, मुद्दाम दिलेला बेस, आणि मग एडी रोसारियोने हवेत मारलेला चेंडू. तो झेलला गेला, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून कार्लोस कोरेया घरी पोहोचला. ४-३. जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात कोण खेळणार हे ज्या धावेने ठरलं, तिच्यात एकही हिट नव्हती. धाव करणाऱ्या कोरेयाला दुसरा बेस मिळाला होता तो नियमाने.

आता त्याच मैदानावरची २३ मार्च २००९ ची रात्र. आपल्याकडे २४ मार्चची सकाळ होती. क्लासिकचा अंतिम सामना, जपान विरुद्ध कोरिया. नवव्या डावात कोरियाने बरोबरी साधली. तेव्हाचा नियम तेराव्या डावापासून होता, म्हणून दहावा डाव रिकाम्या बेसवरच सुरू झाला. जपानचे दोन रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोहोचले तेव्हा दोन बाद होते आणि समोर इचिरो उभा राहिला. त्या सामन्यापर्यंत स्पर्धेत त्याची बॅट म्हणावी तशी चालली नव्हती. त्याने एकामागून एक चेंडू फाउल करून स्वतःला जिवंत ठेवलं आणि शेवटी मधल्या मैदानात हिट मारली. दोन धावा झाल्या आणि जपान ५-३ ने जिंकला. त्या दोन्ही रनरनी आपापली जागा स्वतः मिळवली होती, म्हणूनच त्या हिटला एवढं वजन आहे. आजचा नियम तेव्हा असता तर त्याच डावात दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा असता, आणि बहुधा पहिल्याच बॅटरला बंट करायला सांगितलं गेलं असतं.

मला कोणी विचारेल की मग पिचरांच्या खांद्यांचं काय? हा प्रश्न मी हलका मानत नाही. जपानमध्ये शालेय मुलांच्या कोशिएन स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने सतरा डावांच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले. तो तेव्हा शाळेत शिकत होता. कोशिएनने २०१८ मध्ये बरोबरी फोडण्याचा नियम आणला आणि २०२३ पासून तो दहाव्या डावावर ओढला, हे मला पूर्ण पटतं. वाढत्या वयाच्या मुलांच्या हातांपेक्षा परंपरा मोठी नाही. २०२४ ची उन्हाळी अंतिम लढतही क्योतो इंटरनॅशनलने याच नियमाखाली दहा डावांत २-१ अशी जिंकली, त्यालाही माझा आक्षेप नाही.

मोठ्यांच्या क्लासिकमध्ये मात्र खांदे वाचवणारी दुसरी व्यवस्था आहे. २०२३ मध्ये एका पिचरला पहिल्या फेरीत ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८० आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ९५ चेंडूंची मर्यादा होती. पन्नास चेंडू टाकले की चार दिवस विश्रांती. संघात तीस खेळाडू, त्यातले निदान चौदा पिचर. गटातल्या सामन्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं असतं, तिथे दहाव्या डावापासून नियम लावा, मी विरोध करणार नाही. अंतिम सामन्यानंतर दुसरा सामनाच नसतो. मग पिचर कोणासाठी राखून ठेवायचे?

अमेरिकेच्या मेजर लीगनेही हेच ओळखलं आहे. साखळी सामन्यांत ती २०२० पासून दहाव्या डावात दुसऱ्या बेसवर रनर ठेवते, पण बाद फेरीत ठेवत नाही. त्यामुळेच ऑक्टोबर २०२५ मध्ये, पुन्हा डॉजर स्टेडियमवरच, डॉजर्स आणि टोरोंटो यांच्यातला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना अठरा डाव आणि साडेसहा तासांहून जास्त चालला. डॉजर्सचा शोहेई ओतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला. त्यांचा पिचर विल क्लाइन हे नाव त्याआधी फारसं कोणाला माहीत नव्हतं. त्याने शेवटचे चार डाव एकही धाव न देता टाकले आणि अखेर फ्रेडी फ्रीमनने चेंडू मैदानाबाहेर धाडला. रनर उभा करून दहावा डाव खेळला असता तर क्लाइनची पाळी आलीच नसती.

बरोबरी फोडण्याचे मार्ग सगळेच वाईट असतात असं नाही. आपल्या खो-खोत लघुत्तम आक्रमण आहे. पहिला गडी टिपायला कोणाला कमी वेळ लागला ते मोजायचं. वेळ कमी लागतो, पण मोजलं जातं ते त्या खेळाचंच कसब, पाठलाग आणि पळणं. कोणाला काही आगाऊ दिलं जात नाही. बेसबॉलच्या नियमात नेमकं हेच राहून गेलं आहे.

आणि रनर ठेवायचेच असतील तर मला २०२३ च्या एका रनरपेक्षा जुने दोन रनर बरे वाटतात. पहिला बेस भरलेला असला की रनरला पुढे पळावंच लागतं, म्हणून एका चेंडूवर दोन बाद करण्याची आणि बंटवर तिसऱ्या बेसपाशी रनरला कापण्याची संधी क्षेत्ररक्षकांना मिळते. फक्त दुसऱ्या बेसवर रनर असेल तर बंट करून त्याला पुढे सरकवणं फारच सोपं होतं. बीजिंगमधली बॅटर निवडण्याची मुभा मात्र कधीही परत येऊ नये.

२०२८ मध्ये बेसबॉल ऑलिंपिकमध्ये परततो आहे, सहा संघांसह, आणि मैदान डॉजर स्टेडियमच आहे. आयोजकांनी आत्ताच लिहून टाकावं की गटातल्या सामन्यांत दहाव्या डावापासून, उपांत्य फेरीत तेराव्यापासून आणि सुवर्णपदकाच्या सामन्यात कधीच नाही. त्या रात्री निकालाला अठरा डाव लागले तर लागू द्यावेत.