जेवणाचे बिल आणि अमानत

आपल्या घरांतली बरीच मुले आज विक्री प्रतिनिधी आहेत. कुणी एजन्सी चालवतो, कुणी भागीदारीत बांधकामाचा माल पुरवतो. धंदा म्हटला की ग्राहकाला जेवायला नेणे आलेच. मात्र घरच्या दस्तरखानावरचा मेहमान आणि कंपनीच्या खर्चाने हॉटेलात नेलेला ग्राहक यांत फरक आहे. पहिल्यासाठी पैसा आपला असतो. दुसऱ्यासाठी तो मालकाचा किंवा भागीदारांचा असतो, म्हणजे आपल्या हातातली अमानत असते.

हा खर्च आटोक्यात ठेवण्याची एक सोपी रीत मोठ्या कंपन्या वापरतात आणि ती लहान दुकानदारालाही जमते. ऐन वेळी दिसेल त्या हॉटेलात न शिरता दोन-तीन हॉटेले ठरवून ठेवावीत. एक हलाल मांसाहारी आणि एक शुद्ध शाकाहारी हवेच, कारण आपले कितीतरी ग्राहक जैन किंवा मारवाडी व्यापारी असतात. दारू न मिळणारी जागा निवडली की तो अवघड विषय टेबलावर येतच नाही. मग मॅनेजरशी बोलून चार गोष्टी पक्क्या कराव्यात : माणशी अंदाजे खर्च, नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून सूट, महिन्याच्या खात्याची सोय, आणि बिलावर सही कोणाची चालेल. हे तोंडी ठेवू नये. उधारीचा व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत हीच.

महिन्याच्या खात्याचा फायदा घरालाही होतो. एरवी मुलगा स्वतःच्या खिशातून बिल भरतो आणि कंपनीचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. इकडे किराणा आणि शाळेची फी अडते. खाते कंपनीच्या नावावर असले की हा भार त्याच्यावर पडत नाही. मालकांनीही एवढी काळजी घ्यायला हवी.

बिलाबाबत काही गोष्टी माहीत असाव्यात. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो, पण सर्वसाधारण व्यापाऱ्याला जेवणावरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा. सेवा शुल्क हॉटेलला आपोआप लावता येत नाही, तसे निर्देश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये दिले आहेत. एकाच हॉटेलला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले, तर प्राप्तिकरात तो धंद्याचा खर्च धरला जात नाही. बिलाचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून लगेच फोटो काढावा आणि मागे लिहावे : कोण आले होते, कोणत्या कामासाठी.

आता खरा प्रश्न. नेहमीच्या हॉटेलकडून पॉइंट मिळतात, कॅशबॅक येतो, ईदला मिठाईचा डबा येतो. हे कोणाचे?

हजरत अबू हुमैद साइदी (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला की एवढा माल तुमचा आणि एवढा मला भेट मिळालेला. पैगंबर (स.) यांना ते मुळीच आवडले नाही. हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ती भेट त्याच्याकडे चालत आली असती का, असे त्यांनी विचारले.

हाच सवाल पॉइंटना लावून पाहावा. कंपनीचा पैसा खर्च झाला नसता तर ते मिळाले असते का? नसते, तर मालकाला सांगावे. तो म्हणाला, ‘ठेव तुझ्याकडे’, तर निश्चिंत वापरावेत. त्याच्यापासून लपवले, तर ती खयानत ठरते, मग रक्कम पन्नास रुपये का असेना. घरच्यांचे जेवण ग्राहकाच्या बिलात घालणे तर उघडच गैर.

या बाबतीत घरच्यांचीही जबाबदारी आहे. फुकटच्या कूपनवर सगळे जेवायला निघाले, तर बायकोने किंवा आईने एवढे जरूर विचारावे की हे कूपन कुठून आले आणि साहेबांना माहीत आहे का. मुलेही शेजारी उभी राहून ऐकत असतात. त्यांच्या कानावर हा प्रश्न वेळोवेळी पडलेला बरा.