खेळाडूची दुखापत आणि पाहणाऱ्यांची अधीरता

ज्या दुखण्यांत रक्त वाहत नाहीं व हाड मोडत नाहीं, तें दुखणें लोकांस सहसा खरें वाटत नाहीं. ज्याचें दुखतें त्यालाहि तें पुष्कळदां खरें वाटत नाहीं, आणि म्हणूनच तें वाढतें. मैदानावर खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा अशी आमची इच्छा आहे. आणि त्या विचारास आधार म्हणून एका दूरदेशच्या नामांकित खेळाडूची हकीकत आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरील फुटबॉल नव्हे. तेथें लंबगोल चेंडू बहुधा हातांत घेऊन धांवतात अथवा फेंकतात. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. शंभर यार्डांच्या मैदानावर चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जावयाचा, असा नियम आहे. या खेळांत 'रनिंग बॅक' म्हणून जो गडी असतो, त्याचें मुख्य काम म्हणजे चेंडू पोटाशीं धरून प्रतिपक्षाच्या गर्दींतून वाट काढणें. आपल्या कबड्डींत चढाई करणाऱ्यास सर्वांनीं मिळून धरावें तसाच हा प्रकार. मात्र येथें धरणारे बलदंड गडी पूर्ण वेगानें येऊन आदळतात. मोसम सप्टेंबरांत सुरू होतो. त्यापूर्वीं ऑगस्टमध्यें सरावाचे कांहीं सामने होतात. त्यांची हारजीत कोठेंहि धरली जात नाहीं. परंतु या दिवसांत एखादा नांवाजलेला रनिंग बॅक लंगडतांना दिसला, कीं वर्तमानपत्रांचे रकाने त्याच्या पायाच्या चर्चेनें भरूं लागतात.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाचा ख्रिश्चन मॅकॅफ्री हा असाच एक गडी. २०२३ च्या मोसमांत त्यानें २७२ वेळां चेंडू घेऊन धांव घेतली व १,४५९ यार्ड मिळविले. शिवाय ६७ वेळां फेंकलेला चेंडू झेलला. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि थोडक्यांत हरला. जूनमध्यें संघानें त्याच्याशीं आणखी दोन वर्षांचा, ३ कोटि ८० लक्ष डॉलरांचा करार केला. त्यानंतर ऑगस्टांत त्याच्या पोटरीचा स्नायू ताणला गेला. सरावाच्या सामन्यांत त्यास खेळविण्यांत आलें नाहीं, आणि ही गोष्ट प्रथम सर्वांनीं किरकोळच मानली.

पहिला सामना ९ सप्टेंबर रोजीं होता. तो खेळेल अशीच बहुतेकांची अपेक्षा होती. परंतु त्या दिवशीं त्याचें नांव न खेळणाऱ्यांच्या यादींत लागलें. टाचेमागील जी जाड शीर, जिला आपल्याकडे धोंडशीर म्हणतात, तिचेंहि दुखणें जडलें होतें. या शिरेचा स्वभाव मोठा फसवा आहे. तिला रक्ताचा पुरवठा थोडा, म्हणून ती सावकाश बरी होते. शरीर तापलें कीं वेदना कमी भासते, आणि दुसऱ्या सकाळीं पुनः उभी राहते. उपचारांसाठीं तो जर्मनीसहि जाऊन आला. आठ सामने हुकल्यावर १० नोव्हेंबर रोजीं तो मैदानावर परतला. पुढें १ डिसेंबर रोजीं बफेलो येथें, पडत्या बर्फांत, त्याच्या गुडघ्यांतील एक बंध दुखावला व त्या वर्षीचा त्याचा खेळ चार सामन्यांतच संपला. त्याच्या जागीं पहिल्या सामन्यांत १४७ यार्ड मिळवून वाहवा घेणारा जॉर्डन मेसन हाहि त्याच बफेलोच्या सामन्यांत घोट्यास इजा होऊन बसला. आदल्या मोसमांत अंतिम सामना खेळलेला हा संघ या वर्षीं सहा सामने जिंकला आणि अकरा हरला.

या काळांत लोक काय करीत होते, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत लाखों माणसें मोसमाच्या आरंभीं खऱ्या खेळाडूंच्या नांवांचे कल्पित संघ रचून आपसांत चुरस लावतात, पुष्कळदां पैजाहि लावतात. २०२४ सालीं त्यांपैकीं असंख्यांनीं पहिली निवड मॅकॅफ्रीचीच केली होती. त्याची पोटरी कशी आहे, याची विचारपूस ही मंडळी दररोज करीत. परंतु ती काळजी पोटरीची नव्हती, स्वतःच्या डावाची होती. काळजीचे शब्द तेच, चेहरा तोच. पण आंतील हेतु निराळा. आमच्या मतें साऱ्या प्रकरणांतील शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. दुखावलेल्या माणसाची चौकशी करतांना आपण कोणाची चिंता वाहत आहों, त्याची कीं आपल्या लाभाची, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.

कोणी म्हणेल, विश्रांति देऊनहि तो शेवटीं जखमी झालाच. मग विश्रांतीचा उपयोग काय? हा आक्षेप टाकाऊ नाहीं. २०१९ सालीं दुसऱ्या संघांत असतांना मॅकॅफ्रीनें धांवून व झेलून मिळून ४०३ वेळां चेंडू हाताळला, आणि पुढील दोन मोसमांतील ३३ सामन्यांपैकीं अवघे दहा खेळूं शकला. यावरून अतिश्रमाचें फळ दुखापत असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह होतो. परंतु तोच गडी २०२५ च्या मोसमांत सर्व १७ सामने खेळला. मनुष्याचें शरीर म्हणजे वाण्याची वही नव्हे. विश्रांति घेतली म्हणजे इजा होणारच नाहीं, असें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. परंतु दुखत असतां दडवून खेळल्यास तें दुखणें बळावतें, याविषयीं दुमत नसावें.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. सरावाचे सामने इतके घातक, तर नांवाजलेल्यांनीं ते खेळूंच नयेत काय? येथें १९९५ सालच्या ऑगस्ट महिन्याची आठवण होते. त्या वर्षीं नव्या खेळाडूंत सर्वांआधीं निवडला गेलेला की-जाना कार्टर हा सिनसिनाटी संघाकडून पहिलाच सरावाचा सामना खेळत होता. तिसऱ्या धांवेंत त्याचा गुडघा गेला व सारा मोसम बुडाला. त्याच महिन्यांत टोकियो येथील अशाच एका सामन्यांत, १९६ व्या क्रमांकावर निवडलेल्या टेरेल डेव्हिस नांवाच्या तरुणानें प्रतिपक्षाच्या गड्यास असें कांहीं पाडलें कीं शिक्षकांचें लक्ष त्याच्याकडे गेलें. डेन्व्हर संघांत त्याला जागा मिळाली, आणि १९९८ सालीं त्यानें एका मोसमांत २,००८ यार्ड मिळविले. मॅकॅफ्रीचे वडील एड हे त्याच संघांत त्याचे सहकारी होते. एकाच महिन्यानें एकाचें हिरावलें व दुसऱ्यास दिलें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, सर्वांस एकच नियम लावूं नये. ज्याला आपलें कसब दाखवावयाचें आहे, त्यास संधि द्यावी. ज्याचें कसब सर्वांस ठाऊक आहे व ज्याचा पाय दुखत आहे, त्यास बसूं द्यावें, आणि बसल्याबद्दल त्यास हिणवूं नये.

विद्यार्थीमित्रांनो, मॅकॅफ्रीपाशीं वैद्य होते, करार होता, परदेशीं जाण्यास पैसा होता. तुमच्यापाशीं यांपैकीं कांहीं नाहीं. सामन्याच्या आदल्या दिवशीं लंगडत येऊन "कांहीं नाहीं, सर" असें म्हणणारा मुलगा आम्हीं दरवर्षीं पाहतों. तो खोटें बोलतो असें आम्ही म्हणत नाहीं; आपली जागा दुसऱ्यास जाईल या भीतीनें तो बोलतो. ती भीति त्याच्या मनांत घालणारे आम्हीच आहों. 'तुझ्यावांचून आपण हरूं' असें आम्ही शिक्षक त्यास सांगतों; 'ढाल घेऊन ये' असें घरून सांगून धाडतात; आणि सोबती तर न खेळणाऱ्यास भित्रा ठरवून मोकळे होतात. मग त्यानें आपलें दुखणें सांगावें तरी कोणास?

यासाठीं पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा खेळून घरीं आला म्हणजे 'जिंकलां काय?' असें विचारण्यापूर्वीं 'कोठें लागलें काय?' असें विचारावें, आणि लागलें असल्यास रागावूं नये. आम्हां शिक्षकांनीं, दुखतें असें सांगणाऱ्या मुलाची जागा त्याच्यासाठीं राखून ठेवावी. आणि मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, दुखतें असें सांगण्यास धांवण्याइतकेंच धैर्य लागतें. ढाल शाळेच्या कपाटांत राहते व पुढील वर्षीं दुसऱ्या शाळेच्या कपाटांत जाते. गुडघा मात्र ज्याचा त्याच्याजवळच राहतो, आणि त्याच्याच बळावर त्यास पुढें जन्मभर चालावयाचें असतें.