चिठ्ठीशिवाय गोळी नको : दिल्ली परिसरातल्या मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



दिल्लीची हवा बिघडायला लागली की आपल्या मंडळाच्या गटावर एक यादी फिरते. यंदाही फिरली. घरात काय असू द्यावं, तर अझिथ्रोमायसिन 500 ची तीन गोळ्यांची पट्टी, पोट बिघडलं तर ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल, आणि वर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ कसलीशी कॅप्सूल. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. या गोळ्या कोणत्या डॉक्टरांनी, कोणाला, कोणत्या आजारासाठी सांगितल्या, एवढं एकानेही विचारलं नाही. यादीतल्या पहिल्या दोन गोळ्या अँटिबायोटिकं आहेत, आणि त्या प्रतिकारशक्तीच्या पायावरच घाव घालतात. तो घाव तिसऱ्या कॅप्सूलने भरून निघेल असं मानणं म्हणजे भिंत पाडून रंगाचा डबा आणण्यासारखं आहे. ही यादी पुढे ढकलणारे आपल्यातले शिकले-सवरलेले लोक आहेत, म्हणून आरोग्य समितीला हे पत्रक काढावं लागतं आहे.

प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि त्या पेशींची शाळा चालवतात आतड्यातले जीवाणू. 2016 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तेव्हा सत्तर किलोच्या माणसात सुमारे 30 लाख कोटी पेशी स्वतःच्या आणि सुमारे 38 लाख कोटी जीवाणू, असा आकडा निघाला. जीवाणूंपासून पूर्ण दूर ठेवून वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातल्या प्रतिकारपेशींच्या गाठी खुरट्या राहतात, आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रतिपिंडंही कमी तयार होतात. कोंड्याचं, सालींचं, कडधान्यांचं जे आपल्याला पचत नाही, ते हे जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ती मोठ्या आतड्याच्या अस्तराचं इंधन असतात, आणि प्रतिकारयंत्रणेने कुठे हात आवरायचा हे ठरवणाऱ्या पेशीही त्यांच्यामुळे वाढतात. याशिवाय हे जीवाणू आणखी एक साधं काम करतात : जागा अडवून बसतात. संध्याकाळी राजीव चौकला मेट्रोचा डबा गच्च भरलेला असला की नव्याला पाय ठेवता येत नाही, तसंच. डबा रिकामा केलात की कोण चढेल यावर तुमचा ताबा उरत नाही.

अँटिबायोटिक हा डबा रिकामा करतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात 12 निरोगी पुरुषांना फक्त चार दिवस तीन तीव्र अँटिबायोटिकं दिली. दीड महिन्यात बरीचशी वस्ती परतली. पण आधी प्रत्येकाच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. ती औषधं रुग्णालयातली होती, आपल्या यादीतली नव्हेत, हे मान्य. पण ते चारच दिवस होते आणि आपल्याकडे वर्षातून तीन-चार वेळा ‘एक कोर्स’ होतो. 2019 साली अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या रक्तात फ्लूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून कमी होती, त्यांनी अँटिबायोटिकं घेतल्यावर फ्लूच्या लशीला त्यांचा प्रतिसाद मंदावला. लस घ्यायची आणि तिला उत्तर देणारी यंत्रणा आपणच दुबळी करायची, असा हा व्यवहार आहे.

इथवरचं कोणी ‘आमचं पोट, आम्ही बघून घेऊ’ म्हणून उडवून लावेल. तेच उडवून लावता येत नाही, आणि दिल्लीकरांना तर मुळीच नाही. 2008 च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला जातीचा जीवाणू सापडला; त्यावर जवळजवळ कोणतंच औषध चालेना. तो रुग्ण काही आठवड्यांपूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात होता. ज्या जनुकामुळे त्या जीवाणूला ही ताकद आली, त्यापासून बनणाऱ्या विकराचं नाव पडलं ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-1. त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलाय या वेगळ्याच जीवाणूतही तेच जनुक सापडलं. म्हणजे जनुकाची अदलाबदल त्याच्या आतड्यातच झाली असावी. पुढे 2010 मध्ये आपल्या देशात गदारोळ झाला. कशावरून? नावावरून. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, वगैरे. जानेवारी 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आपली मान ताठ झाली. एप्रिलमध्ये पुढचा अभ्यास आला : मध्य दिल्लीच्या बारा किलोमीटर परिसरातून घेतलेल्या पाझरपाण्याच्या, म्हणजे गल्ल्यांतल्या डबक्या-ओहोळांच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये ते जनुक होतं. नावासाठी भांडलो तेवढ्या जोराने या पाण्यासाठी कोणी भांडलं नाही. आपणही नाही.

जे पोटात वाढतं ते गटारात जातं, नजफगढ नाल्याने यमुनेत उतरतं आणि कुठून तरी परत ताटात येतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या डच प्रवाशांच्या अभ्यासाने याचं मापच दिलं. जाण्याआधी पोटात औषधांना न जुमानणारे जीवाणू नव्हते, असे जे प्रवासी दक्षिण आशियात जाऊन आले, त्यांच्यापैकी शंभरात 75 जण ते घेऊन परतले. कोणाला जास्त लागण झाली? ज्यांनी प्रवासात अँटिबायोटिकं घेतली त्यांना. डबा रिकामा, प्रवासी नवा. आणि परतल्यावर घरातल्या माणसाला ते देण्याची शक्यता सुमारे 12 टक्के निघाली. ते प्रवासी काही आठवडे राहून जातात, आपण इथेच राहतो. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 13,530 नवजात बाळांवर झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात जंतुदोष झालेल्या बाळांच्या रक्तातले असिनेटोबॅक्टर जातीचे 82 टक्के जीवाणू अनेक औषधांना दाद देत नव्हते. त्या बाळांनी कोणतीही गोळी विकत आणलेली नव्हती. (कोंबडीचं आणखी वेगळंच. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2014 साली दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, तर 40 टक्क्यांत अँटिबायोटिकांचे अंश निघाले. तो लढा स्वतंत्रपणे लढावा लागेल.)

आता नेहमीचे आक्षेप. ‘गोळी घेतली की तीन दिवसांत बरं वाटतं.’ विषाणूचा सर्दी-खोकला गोळी न घेताही ओसरतोच. श्रेय पट्टीला जातं. शिवाय 18 नोव्हेंबर 2024 ला दिल्लीचा हवा निर्देशांक 490 च्या वर गेला होता, त्या दिवशीचा खोकला धुराचा होता. धुराला अझिथ्रोमायसिन काय करणार? ‘आम्ही सोबत प्रोबायोटिक घेतो.’ वाइझमन संस्थेनेच 2018 साली दाखवलं की अँटिबायोटिकांनंतर बाजारातलं मिश्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. याचा अर्थ सगळं प्रोबायोटिक खोटं असा नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचं खाद्य आठवडाभर दिल्यावर जंतुदोष आणि मृत्यू मिळून 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. नेमका जीवाणू, नेमकं वय, नेमकं कारण. दुकानदाराने बिलात घुसडलेली कॅप्सूल म्हणजे ते नव्हे. ‘डॉक्टरच लिहून देतात’ या आक्षेपात तथ्य आहे. पण मार्च 2023 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननेच डॉक्टरांना सांगितलं होतं की हंगामी ताप-खोकल्याला अँटिबायोटिक लिहू नका. तेव्हा ‘हे नक्की लागेल का?’ असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. फी आणि रांगेचा आक्षेप आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंनी घेतला तर ऐकावा; द्वारकेच्या किंवा नोएडाच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी तो घेऊ नये. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर फुकट बोलतात. हे त्या बाईंनाही सांगा.

एक गोष्ट ठळकपणे : टायफॉइड, न्यूमोनिया, क्षयरोग, रक्तातला जंतुदोष यांत अँटिबायोटिकच जीव वाचवतं. डॉक्टरांनी तपासून दिलेला कोर्स हे पत्रक वाचून कोणी अर्धवट सोडला, तर ते या पत्रकाचं पालन नव्हे. औषध गरज पडेल तेव्हा चालावं, एवढ्यासाठीच हा आटापिटा.

तेव्हा आजपासून : पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, शेजाऱ्याला द्यायची नाही, गावाहून येणाऱ्याकडून मागवायची नाही. सेफिक्झिमसारखी सरकारी औषध नियमांच्या एच-1 यादीतली औषधं विकताना दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं असतं, वही तीन वर्षं जपायची असते; हा नियम 1 मार्च 2014 पासून आहे. वही दाखवा म्हणा, चेहरा बघण्यासारखा होतो. साध्या जुलाबांना ओआरएस, लहान मुलांना डॉक्टरांना विचारून झिंक. शौचात रक्त, चढता ताप, लघवी कमी होणं, मूल मलूल दिसणं, यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना. जेवणात ज्वारी-बाजरी, सालीची डाळ, मोड आलेली मटकी, घरचं ताक. इथल्या पंजाबी शेजारणीकडून काळ्या गाजराची कांजी शिकून घ्या. स्टॅनफर्डमध्ये 36 जणांवर झालेल्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात आंबवलेल्या पदार्थांनी आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा उतरल्या. अभ्यास लहान आहे, पण कांजी स्वस्त आहे.

गणपतीत दहा दिवस हजारोंच्या प्रसादाची पंगत एकही पत्रावळ उघड्यावर न टाकता उठवणारं आपलं मंडळ आहे. फराळाच्या नोंदणीत चकलीचा हिशोब नगावर चुकत नाही. त्या मंडळाला घरोघरची औषधांची डबी तपासता येणार नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही. प्रत्येक विभागातून दोन स्वयंसेवक हवेत. त्यांनी आपापल्या सोसायटीच्या केमिस्टला मंडळाचं पत्र द्यायचं आहे आणि त्याची पोच घ्यायची आहे. सभासदांपैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी थंडीभर रविवारी सकाळी एक तास फोनवर उपलब्ध राहावं. नावं कार्यालयात कळवावीत. उरलेल्या गोळ्या कमोडमध्ये किंवा सिंकमध्ये टाकू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना बंद पाकिटात आणा, दाराशी पेटी ठेवलेली असेल. पेटीतला माल जैववैद्यकीय कचऱ्याची रीतसर सोय असलेल्या रुग्णालयाकडे सोपवला जाईल. गटावर यापुढे औषधांची यादी टाकणाऱ्याची यादी काढून टाकली जाईल, मग टाकणारा कार्यकारिणीतला असला तरी.

आपली,
आरोग्य समिती